बॅकहो लोडर संथ झाला म्हणजे पंप गेला असं नाही

बॅकहो लोडर, म्हणजे लोक ज्याला जेसीबी म्हणतात ते मशीन, त्याबद्दल मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य असतं: ‘मशीनला प्रेशर नाही.’ बूम संथ चालला तरी तेच, बकेट उचलत नसली तरी तेच. हे दोन वेगळे आजार आहेत. हायड्रॉलिक पंप ऑइल ढकलतो, आणि बूमचा, म्हणजे मशीनच्या लांब हाताचा, वेग किती ऑइल वाहतं त्यावर ठरतो. प्रेशर चढतं ते ओझं अडलं की, आणि रिलीफ व्हॉल्व (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडला की तिथंच थांबतं. रिकामी बकेटसुद्धा रेंगाळत असेल तर ऑइल कमी पोचतंय. रिकामी झपझप फिरते आणि भरली की बसते, तर प्रेशर बघायचं. मेकॅनिकला फोन करताना यातलं काय होतंय ते आधी सांगा.

सकाळी मशीन छान चालतं. दुपारी ऑइल तापलं की बूम, लोडर, सगळंच मंद होतं. पंप बदला म्हणतात. बदलू का? (चिकोडी)

मोजल्याशिवाय नको. सगळंच एकदम मंद होतंय, म्हणजे दोष एखाद्या सिलिंडरचा नाही, सामाईक वाटेवरचा आहे. तापलं की ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या गिअर पंपात आतल्या आत मागं सरकतं. त्यामुळं पंपाचा संशय खोटा नाही. पण त्याआधी ऑइल कूलरच्या पाकळ्या बघा. आपल्याकडं उसाचा पाला आणि काळ्या मातीची धूळ तिथं नमद्यासारखी बसते. टाकीत कुठल्या ग्रेडचं ऑइल आहे तेही बघा. ४६ नंबर सांगितलंय की ६८ (नंबर मोठा तेवढं ऑइल घट्ट), हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सुट्या बॅरलमधलं ‘तसलंच’ ऑइल म्हणजे काय, ते विकणाराही सांगू शकत नाही. रिलीफ व्हॉल्व गळत असला तरी ऑइल असंच तापतं.

उलट पंप सकाळी थंड असताना ओरडतो आणि तापल्यावर गप्प होतो, तर सक्शनची, म्हणजे पंप टाकीतून ऑइल ओढतो त्या वाटेवरची, जाळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.

पंप बदला म्हणणाऱ्याला एकच विचारा: फ्लो मीटर (किती ऑइल वाहतं ते मोजणारं यंत्र) लावून मोजलं का, आकडा किती आला? आकडा देत नसेल तर पैसेही देऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व तयार होतात. मोजून देणारा माणूस तिथं मिळतो.

रिलीफ व्हॉल्वचा नट अर्धा आटा आवळला की मशीनला जोर येतो म्हणतात. खरं का? (अथणी)

हात लावू नका. मशीन मंद असेल तर नट आवळून वेग वाढत नाही. अशा मशीनचं प्रेशर साधारण अडीचशे बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास बांधलेलं असतं. ते चढवलं की होज (ऑइलचा रबरी पाइप) फुटू शकतो, पंपाचे सील जाऊ शकतात. व्हॉल्व लावायचा तो गेज जोडून, पुस्तिकेतल्या आकड्यावर, जाणकाराकडून.

ऑइल ताकासारखं पांढरं झालंय. (खानापूर)

बहुतेक पाणी शिरलंय, मशीन चालवू नका. खात्री करायची तर बाटलीत भरून ठेवा. नुसती हवा असेल तर थोड्या वेळात निवळतं, पाणी असेल तर गढूळच राहतं. तुमच्याकडचा पाऊस आणि प्रेशरनं धुणं लक्षात घेता टाकीचं झाकण आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करण्याचं तोंड) आधी तपासून घ्या, नाहीतर नवीन ऑइलही वाया जाईल.

रात्री बूम वर ठेवला की सकाळी खाली आलेला असतो. किती उतरला तर चालतं? (निपाणी)

रात्री बूम वर ठेवायचाच नाही. बकेट जमिनीवर टेकवून मगच किल्ली काढा. थोडं उतरणं चालतं. जास्त असेल तर सिलिंडरच्या पिस्टनचं सील तरी गळतंय किंवा व्हॉल्वचा स्पूल (आत सरकणारा दांडा). कुठलं ते तपासून कळतं, अंदाजानं सील किट विकत घेऊन नाही.

बूमच्या होजमधून धुक्यासारखं ऑइल उडतं. ऑपरेटर हात फिरवून भोक शोधतो. सध्या त्यावर रबरी ट्यूब गुंडाळलीय. सीझन संपेपर्यंत चालेल का? (हुक्केरी)

नाही. आज मशीन थांबवा आणि त्या ऑपरेटरला हे वाचून दाखवा.

सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडी फोडून आत जाते. त्याला सात बारही पुरतात, तुमच्या होजमध्ये त्याच्या कितीतरी पट असतात. मी शिकाऊ होतो तेव्हा शेजारच्या जोडीदाराच्या बोटावर अशी धार लागली. मुंगी चावल्याएवढा ठिपका होता, रक्तसुद्धा आलं नाही. गॅरेजवाल्यानं हळद लावून कामावर परत पाठवलं. रात्री हात सुजला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत ऑइल बोटातून तळहातात पसरलं होतं. बोट गेलं. सुरुवातीला बहुतेकदा फारसं दुखत नाही, आणि म्हणूनच लोक थांबतात. ऑइल आतून पेशी मारत जातं आणि तासागणिक बोट वाचण्याची आशा कमी होत जाते. ठिपका कितीही लहान असो, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरनं आत शिरलंय’ हे शब्द स्पष्ट सांगा. किती वाजता लागलं तेही सांगा, ऑइलच्या डब्याचं लेबल सोबत न्या. वाटेत दाबून ऑइल काढू नका.

हातमोज्यानं धार अडत नाही. गळती शोधायची तर चष्मा लावून, लांबून, पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरायचा. ओला डाग पुठ्ठ्यावर उमटू दे. होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर चारी बाजूंना हलवून अडकलेलं प्रेशर सोडा. उचललेल्या लोडरखाली सेफ्टी स्ट्रट (आधाराचा लोखंडी टेकू) लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

ट्यूब, टेप, क्लॅम्प यातलं काहीच चालत नाही. जुना होज दुकानात घेऊन जा आणि त्याच रेटिंगचा, टू वायर (आत तारेचे दोन थर) असेल तर टू वायर, फोर वायर असेल तर फोर वायर, क्रिम्प करून, म्हणजे टोकं मशीननं दाबून बसवून, आणा. तो बसवण्याचं काम मात्र फिटरकडूनच करून घ्या.

ट्रॅक्टरचं ऑइल हायड्रॉलिकच्या टाकीत घालू का? (संकेश्वर)

पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर नको.