दीर फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या ठरावीक दिवसांच्या रजेवर, आमच्याकडे येणार म्हणून पोलीस घरातल्या सगळ्यांची चौकशी करून गेले. हे कायदेशीर आहे का? आम्ही नकार देऊ शकतो का?

कायदेशीर आहे, आणि नकारही देता येतो. पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: "गुन्हा दिराने केला, मग माझं आधार कार्ड, माझी नोकरी आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं नाव पोलिसांना कशाला हवं?" ताई, तुम्हाला निदान विचारलं तरी. आमच्याकडे जिला विचारायला हवं होतं तिला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. माझ्या धाकट्या चुलत्यांना, तात्यांना, बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनात जन्मठेप लागली. मयत भावकीतलाच, घर दोन गल्ल्या सोडून. काही वर्षं गेल्यावर तात्यांनी फर्लोचा अर्ज टाकला आणि जामीनदार म्हणून आज्जीचं नाव दिलं. पोलिसांचा अहवाल विरोधात गेला: जामीनदार वयोवृद्ध महिला असून बंद्यावर नियंत्रण ठेवू शकणार नाही, फिर्यादी त्याच गावात राहण्यास आहेत, शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. अर्ज नामंजूर. आज्जी म्हणाली, "नऊ म्हयने पोटात ठेवला तवा नियंत्रण हुतंच की."

पुढच्या अर्जाला अण्णा, म्हणजे माझे वडील, जामीनदार झाले. हवालदार घरी आले. सोप्यात खुर्ची, चहा, पान. सातबारा पाहिला, रेशनकार्ड पाहिलं, घरात कोण कोण राहतं ते लिहून घेतलं. शेजाऱ्यांना बोलावून 'आमची काही हरकत नाही' असं लिहून घेतलं. पोलीस पाटलांना विचारून झालं. घरातल्यांच्या यादीत तात्यांची बायको, आमची काकी, 'पत्नी' एवढ्या एका शब्दात येऊन गेली. शेजाऱ्यांची हरकत विचारायची सुचली, पण तिची नाही.

तात्या प्यायले की काकीवर हात टाकायचे. गावाला ठाऊक होतं, पण ठाण्यात कधी तक्रार गेली नव्हती, त्यामुळे सरकारी कागदांत त्याचा मागमूस नव्हता. खुनाच्या खटल्यात तो विषय निघायचं कारणच नव्हतं. म्हणजे हवालदारांनी जुने गुन्हे कितीही तपासले असते तरी त्यांना हे सापडलं नसतं. तात्या आत गेल्यापासून काकी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती, पोरं शाळेत जात होती, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच ती जेवताना बसून जेवायला लागली होती.

हवालदार उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती स्वयंपाकघरातनं बाहेर आली. "सायेब, माझाबी जबाब लिवा."

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर तिथूनच मागे वळलं असतं. हवालदार म्हणाले, "वहिनी, दादांची सही झालीय. आता तुमचं आणि वेगळं काय?"

"मला त्यांच्याबरूबर एका घरात ऱ्हायचं न्हाई. कुठंबी उतरू द्या, हितं नको. लिवा एवढं."

मी तेव्हा कॉलेजला होते. मध्ये तोंड घालून मी म्हटलं, "ती सांगतीय तर लिहा ना." हवालदारांनी कागद पुन्हा पुढे ओढला. चार ओळीही झाल्या नसतील.

पुढे काय झालं ते ऐका, कारण गावात अजून उलटं सांगतात. अर्ज अडकला, हे खरं. मग तालुक्याला राहणाऱ्या आत्यांनी आपला पत्ता दिला, मामा जामीनदार झाले, तिकडच्या ठाण्याने सगळी चौकशी नव्याने केली, आणि तात्यांना रजा मिळाली. ते आत्यांकडे राहिले, ठाण्यात हजेऱ्या दिल्या, पोरांना बाजाराच्या दिवशी भेटले आणि मुदतीत परत हजर झाले. भावकीशी गाठ पडली नाही, काकीला हात लागला नाही. रजा बुडाली कुठे? ती योग्य घरी गेली, इतकंच. अण्णा मात्र आजही सणावाराला ऐकवतात की घरातली गोष्ट तुम्ही पोलिसाच्या कागदावर नेली. अण्णा, मुलं तुम्हाला माझी उत्तरं वाचून दाखवतात हे मला माहीत आहे. घरातली गोष्ट घरात राहिली असती तर काकी घरात राहिली नसती.

तर तुमची चौकशी. आपल्याकडे फर्लो आणि पॅरोल (म्हणजे काही खास कारणासाठी मिळणारी रजा) 1959 च्या नियमांवर चालतं, त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आहेत. कैद्याला घरी ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा आणि त्याने जामिनाचं बंधपत्र लिहून द्यायला हवं, हे त्या नियमांतच आहे. शांततेला धोका आहे असं पोलिसांनी कळवलं तर रजा नाकारता येते. फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये नारायण साईच्या, म्हणजे आसारामच्या मुलाच्या, प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण गुजरातचं, पण नियम हेच 1959 चे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत, म्हणून कैदी आणि घरचे फर्लोसाठी एवढे मागे लागतात. तुमच्यावर दबाव येतोय तो बहुधा त्यातूनच.

पुढे याबद्दल वाचत गेले तेव्हा न्यूझीलंडची पद्धत कळली. तिथे 2007 पासून होम डिटेन्शन ही वेगळी शिक्षाच आहे, 14 दिवसांपासून 12 महिन्यांपर्यंत, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून. ती देण्याआधी प्रोबेशन अधिकारी, म्हणजे गुन्हेगारांवर बाहेर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, घर तपासतो, तिथे राहणारे सुरक्षित राहतील का ते पाहतो, आणि घरातल्या मोठ्या माणसांना त्या गुन्हेगाराचे आधीचे आणि आताचे गुन्हे काय आहेत ते सांगून त्यांची संमती घेतो. दिलेली संमती मागे घेता येते. कुटुंबप्रमुखाच्या एका सहीवर भागत नाही. आपल्याकडे शिक्षा झालेल्याला अशी घरीच ठेवायची सोय नाही, पण घरातल्या बाईला बाजूला घेऊन विचारायला कुठला नवा कायदा लागतो?

म्हणून, चौकशी जास्त झाली याचा राग सोडा. ती कुणासमोर झाली ते आठवा. नवरा आणि सासरे शेजारी बसलेले असताना "तुमची काही हरकत?" असं विचारलं असेल तर ते विचारणं नव्हेच. हरकत असेल तर अहवाल जायच्या आत ठाण्यात जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. नवऱ्याचा भाऊ आहे म्हणून नवऱ्याने सही करावी, खुशाल करावी. दिवसभर घरात त्याच्याबरोबर तुम्ही असणार आहात. घरात वयात आलेल्या मुली असतील तर त्यांनाही विचारा, आणि हे सासूबाईंच्या देखत नको.

नोकरीचं म्हणाल तर जामीनदार झाल्याने किंवा चौकशीत नाव आल्याने तुमच्या नावावर गुन्हा चढत नाही. दीर परत गेलेच नाहीत तर बंधपत्राची रक्कम जाऊ शकते आणि पोलीस सारखे दारात येतील, तो भुर्दंड वेगळा.

एक मात्र सांगायला हवं. प्रत्येक कैदी तात्यांसारखा नसतो, आणि दीर चांगले असतील, तुम्हाला ते यायला हवे असतील, तर विरोधी अहवाल आला म्हणून गप्प बसू नका. आमच्या आज्जीबद्दल लिहिला तसले मोघम अहवाल उच्च न्यायालयाने अनेकदा बाजूला ठेवले आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. कैद्याला आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि भाडेकरूला आधी स्वतः सांगा, हवालदाराकडून कळू देऊ नका. भाडेकरार नोंदलेला नसेल तर या आठवड्यात नोंदवून घ्या, पुढच्या फेरीत पहिला प्रश्न तोच येईल.