बोधचिन्हात जपान आणताना

जपानी धाटणीच्या सदनिका-प्रकल्पासाठी तुम्ही काढलेले बोधचिन्हाचे तिन्ही आराखडे पाहिले. हात चांगला आहे. मात्र तोरी, फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि कुंचल्याने ओढल्यासारखी रोमन अक्षरे एकाच चिन्हात कोंबल्यामुळे ते वास्तुप्रकल्पाचे न वाटता उपाहारगृहाची पाटी वाटते. नवख्यांची ही नेहमीची चूक आहे. शिवाय तोरी हे शिंतो देवस्थानाचे प्रवेशद्वार आहे; ते सदनिकांच्या माहितीपत्रकावर छापणे म्हणजे आपल्याकडे विक्री कार्यालयावर देवळाचा कळस चढवण्यासारखे होईल.

सुरुवात 'कामोन' या घराण्यांच्या कुलचिन्हांपासून करावी. पाने-फुले भूमितीत बसवून, बहुधा वर्तुळात, एकाच रंगात काढलेली ही चिन्हे किमोनोवर असोत वा छपराच्या कौलावर, चटकन ओळखू येतात. मित्सुबिशीचे तीन शंकरपाळे याच परंपरेतले. सोळा पाकळ्यांची शेवंती मात्र टाळावी, कारण ती सम्राटाच्या घराण्याची खूण आहे.

त्यानंतर इमारतीचा नकाशा समोर ठेवून त्यातलेच एखादे प्रमाण उचलावे. तातामी चटईचे २:१ हे प्रमाणदेखील पुरेसे ठरते. टोकियो २०२० ऑलिंपिकचे चिन्ह तीन प्रकारच्या ४५ चौकोनांतून उभे राहिले होते, आणि ते करणारे आसाओ तोकोलो वास्तुकलाच शिकलेले होते.

रंग आणि अक्षरवळण यांचा विचार सध्या नको. चिन्ह काळ्या शाईत, एक सेंटिमीटर रुंदीत छापून पाहावे. रेषा एकमेकींत मिसळल्या तर निम्म्या काढून टाकाव्यात. कांजी, म्हणजे जपानी लिखाणातली चिनी मुळाची अक्षरे, वापरणार असाल, तर जपानी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.