नव्वदच्या दशकातली अशी कोणती गोष्ट आहे जी आता काही केल्या परत मिळत नाही?

सगळे पेन्सिल आणि कॅसेटचा फोटो टाकून राहिले म्हणून सांगतो, आमच्या घरी वेळेवर पेन्सिल कधी सापडलीच नाही, कॅसेटची बाहेर आलेली फीत करंगळी घालूनच गुंडाळायचो.

मला आठवते ती टीव्हीवरून भरलेली कॅसेट. १९९६ ची गोष्ट, मी नववीत. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानात गाण्यांची यादी दिली की कॅसेट भरून मिळायची पण पैसे कोण देणार, म्हणून बुधवारी अन् शुक्रवारी दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांचं चित्रहार लागलं की टेप टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून ठेवायचा, प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि घरात कोणी बोलायचं नाही असा माझा हुकूम. खरा राडा मे महिन्यात. नागपूरचा उन्हाळा, रात्री आठला पण भिंती तापलेल्या, आणि मी कूलर बंद करायला लावायचो कारण त्याची घरघर कॅसेटमध्ये यायची. पाच मिनिटांच्या गाण्यासाठी अख्खं घर घामाघूम, बाबांच्या शिव्या वेगळ्या.

तरी पंखा राहायचाच. त्या टेपमध्ये आवाज आपोआप कमीजास्त व्हायची सोय असायची, गाणं जोरात असलं की मागचं दबायचं आणि गाणं जरा थांबलं की पंखा, कुकरची शिट्टी, गल्लीतलं कुत्रं सगळं एकदम वर यायचं. आता तीच गाणी मोबाईलवर स्वच्छ ऐकतो तर मधल्या जागा रिकाम्या वाटतात, तिथे आमच्याकडे कुकर होता ना!

आणि कॅसेट कुठून आणायची? आजीची साठ मिनिटांची, तुकडोजी महाराजांच्या भजनांची होती. पुसली जाऊ नये म्हणून मागची प्लास्टिकची खिट्टी तोडलेली असते, त्या भोकावर सेलोटेप चिकटवला की झालं. आजीला कळलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही. हे काही भारी केलं असं म्हणत नाही, आजही लाज वाटते. माझं शेवटचं गाणं संपलं की खटकन आवाज येतो आणि खंजिरी सुरू होते, तेवढीच उरली.

अन् तो जमाना लय भारी होता असंही नाही, लाईट गेली की चित्रहारही गेलं आणि आवडतं गाणं परत कधी लागेल याचा काही नेम नसायचा.

टेप कधीच भंगारात गेला, कॅसेट मात्र राहिली. मागच्या दिवाळीत मित्राच्या जुन्या डेकवर लावली. दुसऱ्या बाजूला एका गाण्याच्या बरोब्बर मधात आजीचा आवाज आहे, हे मी पार विसरलो होतो. "लाव ना रे बाप्पा तो कूलर, जीव जाऊन राहिला माझा."

तेव्हा त्या एका वाक्यामुळे गाणं खराब झालं म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. आता मोबाईलमध्ये तेवढंच भरून घेतलंय, गाणं कापून टाकलं.