वारलेल्या मिशनरी फादरांबद्दल लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या शाळेतले परदेशी फादर वारले, इथं त्यांचं रक्ताचं कुणी नाही, तुम्ही स्वतः ख्रिस्ती नाही आणि तरी त्यांच्या आयुष्यावर काही नीट लिहून ठेवायचं आहे. कॅथलिक लोक अशा मिशनरी फादरांची आठवण कशी ठेवतात आणि तुम्ही सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्याची, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली कॅथलिक. आमच्या चर्चच्या स्मरणिकेसाठी जुन्या फादरांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडं आलं आणि तेव्हापासून हा विषय मला सुटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ख्रिस्ती नसताना लिहावं का, ही शंका मनातून काढून टाका. फादरांच्या मागे वर्षश्राद्ध घालणारा मुलगा नसतो, फोटोला हार घालणारी सून नसते. त्यांनी शिकवलेली, रागावलेली, रात्रीबेरात्री दवाखान्यात नेलेली माणसं हाच त्यांचा गोतावळा, आणि तुम्ही त्यातलेच आहात. त्यातून मिशनच्या कितीतरी शाळांत वर्गात बहुसंख्य मुलं हिंदू असायची. फादरांचा दिवस ज्यांच्यात गेला त्यांनीच लिहिलं नाही तर तो दिवस चर्चच्या कागदांत शोधूनही सापडणार नाही.

आमच्या पद्धती थोडक्यात सांगते. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो. सिमेट्रीत कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या ठेवतात, आणि नोव्हेंबरचा सगळा महिनाच मृतांच्या प्रार्थनेचा मानतात. फादरांच्या कबरीवर घरचं कुणी येत नाही, म्हणून धर्मग्रामातली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली माणसं तिथं मेणबत्ती लावतात. फादरांच्या अंत्यविधीत पुष्कळ ठिकाणी शवपेटी लोकांकडं तोंड करून ठेवतात. आम्हा बाकीच्यांची वेदीकडं तोंड करून असते. आयुष्यभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करताना ते जसे लोकांसमोर उभे राहिले, तसेच शेवटीही. फादर जेज्वीट म्हणजे येशूसंघाचे असतील तर कबरीवर बहुधा तीन तारखा सापडतील: जन्म, संघात प्रवेश आणि मृत्यू. मधली तारीख टिपून घ्यायला विसरू नका, पुढचे सगळे कागद त्या तारखेवरून शोधता येतात. आणि तुमच्या मनात असेल तर चर्चच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या नावानं मिस्सा सांगता येते. मिस्सा कुणासाठीही अर्पण करता येते आणि सांगणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही.

आता लिहिण्याबद्दल. ठाण्यात राहून मिशनऱ्यांच्या आठवणीबद्दल बोलायचं तर 1321 सालापासून बोलावं लागतं. त्या एप्रिलमध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार मिशनरी मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस. निघाले होते दुसरीकडंच, वाऱ्यानं जहाज ठाण्याच्या बंदराला लागलं. इथं तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. त्या घरातलं नवराबायकोचं भांडण काझीपुढं गेलं, साक्षीला या पाहुण्यांना बोलावलं आणि बोलणं धर्मावर घसरलं. पुढं त्यांचा जीव गेला.

सातशे वर्षांपूर्वीची ही हकिगत, त्या घरातल्या भांडणासकट, आपल्याला कशी कळते? त्यांच्याबरोबर आलेला पाचवा माणूस, डॉमिनिकन संघाचा जॉर्डानस, त्या दिवसांत ठाण्याबाहेर होता. बातमी कळताच तो परत आला, देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुजरातेतल्या घोघ्याहून आपल्या संघातल्या बंधूंना पत्र लिहिलं. नंतर एक पत्र ठाण्याहूनही लिहिलं. काही वर्षांत ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन इथं आला, त्यानं सोपाऱ्याहून अस्थी काढून चीनपर्यंत नेल्या आणि प्रवासवर्णनात सगळी हकिगत सांगितली. मागे राहिलेल्या माणसानं लगेच, नावंगावं आणि दिवस धरून लिहिलं, म्हणून आठवण राहिली. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. थांबू नका. फादरांना ओळखणारी सत्तरी-पंच्याहत्तरीतली माणसं आत्ता बोलती आहेत.

त्या चौघांत दिमित्रियस धर्मगुरू नव्हते. ते बंधू होते, अनेक भाषा येणारे, दुभाष्याचं काम करणारे. थॉमस यांना 1894 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘धन्य’ म्हणून मान्यता दिली, ही संतपदाच्या आधीची पायरी. दिमित्रियस यांचं नाव मात्र सांगताना बहुतेकदा शेवटीच येतं. मला याचं वाईट वाटतं. परक्या मुलखात आलेला फादर दुभाष्याशिवाय दोन पावलं चालू शकला नसता. तुमच्या फादरांनाही कुणीतरी मराठी शिकवलं असणार, कुणी मास्तर त्यांच्याबरोबर पाड्यापाड्यांवर फिरले असणार, कुणी बाई त्यांचा स्वयंपाक करत असणार, सिस्टर दवाखाना चालवत असणार. त्यांची नावं शोधा आणि लिहा. फादरांच्या चरित्रात ती नसतील तर चरित्र अर्धं राहतं, आणि हीच माणसं विचारायलाही सर्वांत चांगली.

इथल्या चर्चचा इतिहासही तेच सांगतो. 1737 मध्ये ठाणं आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांनी घेतल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले आणि चर्च चालवलं ते इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी. 1760 च्या सुमारास आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टी बेटावर, म्हणजे ठाण्याच्या या भागात आला, तेव्हा ठाण्यात त्याला हजारो ख्रिस्ती लोकांसमोर थाटात चाललेली उपासना दिसली, आणि धर्मगुरू सगळे देशी. त्यांच्यातल्या एकाचंही चरित्र मला आजवर वाचायला मिळालेलं नाही.

आता वाशीचं उदाहरण. ‘फादर ॲग्नेल’ म्हटलं की नवी मुंबईत कुणीही शाळेचा रस्ता दाखवील. पण फादर ॲग्नेल कोण होते हे विचारून पाहा. मी विचारलंय, तिथं शिकलेल्यांनाही. बहुतेकांना वाटतं, शाळा काढणारे कुणी फादर असतील. आग्नेलो डिसोझा 1869 मध्ये गोव्यात हणजुण्याला जन्मले आणि 20 नोव्हेंबर 1927 ला गोव्यातच रायतूरच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) वारले, नवी मुंबई कागदावर येण्याच्याही कितीतरी आधी. पिलारच्या मिशनरी संघाचे ते फादर. शिरवई, कुमठा, सावर्डे अशा ठिकाणी त्यांनी काम केलं, शेवटी रायतूरला भावी धर्मगुरूंचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. प्रवचन देता देता कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. 1986 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची पायरी आहे. त्यांच्या नावानं इंजिनिअर घडतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण इमारतीला नाव दिलं की आठवण राखली, असं समजू नका. शाळेच्या हॉलला तुमच्या फादरांचं नाव द्यायचा विचार कुणी मांडला तर जरूर द्या, आणि त्याच हॉलमध्ये त्यांच्या आयुष्याची चार पानं वाचायला मिळतील अशीही सोय करा.

ती चार पानं कशी असावीत याबद्दल माझं मत ठाम आहे. ‘अथक सेवा’, ‘त्यागमूर्ती’, ‘दीनदुबळ्यांचा कैवारी’ हे शब्द टाळा. स्मरणिकेसाठी जुनी भाषणं आणि मानपत्रं चाळली तर प्रत्येक फादरांबद्दल हेच शब्द, नाव बदललं तरी मजकूर तोच. आणि मग चर्चमागच्या चाळीतल्या एक आजी भेटल्या. त्यांनी सांगितलं, गिरणी बंद असताना फादर संध्याकाळी दारावरून जाताना चुलीला धूर आहे का बघायचे. धूर नसेल त्या घरी रात्री तांदूळ यायचे, पण कुणी आणले ते कळायचं नाही. त्याच आजींनी हेही सांगितलं की मिस्सेला उशिरा आलेल्यांवर ते सगळ्यांदेखत ओरडायचे, आणि एकदा त्यांच्या नवऱ्यानं त्या अपमानावरून चर्चला यायचं सोडलं होतं. मी दोन्ही लिहून दिलं. रागाचा भाग गाळा, असं समितीत काहींचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं, कारण ओरडणारा तोच माणूस चुलीकडंही बघत होता.

संतपदाच्या चौकशीतही चर्च हेच करतं. सहसा मृत्यूनंतर पाच वर्षं जाऊ देतात, मग त्या माणसाची पत्रं, लिखाण जमवतात, ओळखणाऱ्यांच्या साक्षी घेतात, आणि उलट बोलणाऱ्यांचंही ऐकून घेतात. तुम्हाला काही कुणाला संत ठरवायचं नाही, पण साक्षी घ्यायची रीत तीच ठेवा. ‘फादर कसे होते?’ असं विचारू नका, सगळे ‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होतात. पावसाळ्यात ते कशानं यायचे, जेवायला काय आवडायचं, मराठी बोलताना कुठं अडखळायचे, कुणाशी भांडले, कोणत्या मुलासाठी फी भरली, आजारपणात कुणाला जवळ बोलावलं, असं विचारा.

आणि जिथं काम झालं ती जागा बघून या. फादर हरमन बाखर हे स्विस जेज्वीट 1948 मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं. लोक त्यांना बाखर बाबा म्हणायचे. 2021 मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले, त्यामुळं इथं त्यांची कबरही नाही. त्यांच्याबद्दल ऐकायचं तर संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावात जावं लागतं. समतल चर कुठं खणले, विहिरीला पाणी कधी आलं, गाव सोडून गेलेलं कोण परत आलं, हे तिथले शेतकरी सांगतात. त्यांचं चरित्र असं रानात पसरलेलं आहे.

वादात सापडलेल्या फादरांबद्दल लिहिणं अवघड जातं, पण तेही टाळू नये. फादर स्टॅन स्वामी हे मूळचे तमिळनाडूचे जेज्वीट, आयुष्य गेलं झारखंडच्या आदिवासींत. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाल्यावर त्यांना आपल्या नवी मुंबईतल्या तळोजा तुरुंगात ठेवलं. पार्किन्सनमुळं हात थरथरायचे, पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि खटला सुरूही झालेला नव्हता. त्यांच्यावर लिहिणाऱ्यानं विशेषणं जोडण्याऐवजी तो अर्ज जसाच्या तसा द्यावा, असं मला वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून कळतं.

कागद कुठं मिळतील ते सांगते. पहिलं ठिकाण म्हणजे फादर जिथं होते तिथलं चर्च. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्यांत प्रत्येक नोंदीखाली फादरांची सही असते. पहिली आणि शेवटची सही शोधली की ते तिथं कधी आले, कधी गेले हे कळतं. नोंदींमध्ये लोकांची खासगी माहिती असते, म्हणून पॅरिश प्रीस्टची, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य फादरांची परवानगी घ्या आणि फक्त तारखा उतरवा. दुसरं ठिकाण त्यांचा संघ. जेज्वीट, पिलार, फ्रान्सिस्कन, प्रत्येकाच्या प्रांतिक कार्यालयात सदस्यांची यादी आणि मृत्युलेख ठेवतात. इथं थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुणे मिशन जर्मन जेज्वीटांकडं होतं. पहिल्या महायुद्धात शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांना मायदेशी धाडलं. मग मुंबईकडं स्पॅनिश आले आणि पुणे-नगरकडं पुढं स्विस. म्हणजे तुमच्या फादरांची घरी लिहिलेली पत्रं कोणत्या भाषेत आणि कोणत्या देशात असतील, याचा अंदाज ते कुठल्या मिशनचे होते यावरून येईल.

वसई, तलासरीकडचे फादर असतील तर लक्षात ठेवा, वसई धर्मप्रांत 1998 मध्ये वेगळा झाला, त्याआधीचे कागद मुंबई महाधर्मप्रांताकडं असू शकतात. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला, म्हणून जुन्या बातम्या शोधताना ‘ठाणे जिल्हा’ असंच शोधा. तलासरीच्या ज्ञानमाता सदनासारख्या ठिकाणी शिकलेले वारली विद्यार्थी आता स्वतः आजोबा झालेत. त्यांच्याशी बोलायला मिळालं तर आधी तिकडं जा, कागद नंतर.

लिहून झालं की प्रत्येक आठवणीखाली ती कुणी, कोणत्या तारखेला सांगितली ते टाका, आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवा. एक प्रत शाळेला, एक चर्चला, एक संघाच्या कार्यालयाला द्या. चौथी प्रत फादरांच्या जन्मगावच्या चर्चला पोस्टानं पाठवा, सोबत कुणाकडून तरी त्यांच्या भाषेत भाषांतर करून. तिथं त्यांचे भाचे-पुतणे असतील. घरातला तरुण मुलगा हिंदुस्थानात गेला एवढंच त्यांना माहीत असतं, आणि इथं त्यांचे दिवस कसे गेले हे सांगणारं पत्र त्यांना बहुधा कुणीच पाठवलेलं नसतं.