नाटक शिकायला विलायतेत जायचंय, तर आधी हे बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.चं शेवटचं वर्ष, कॉलेजच्या एकांकिका आणि युवा महोत्सव केलेले, गाव वेंगुर्ल्याजवळ आणि लहानपणापासून दशावतार बघितलेला. सप्टेंबर २०२७ला ब्रिटनमध्ये नाटकाचं शिक्षण घ्यायला जायचंय. वडील आंब्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत, मुंबईचे काका हातभार लावणार आहेत, आणि उरलेला खर्च तिकडे नाटकांत कामं करून भागेल असा हिशेब आहे.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देते, कारण तिथेच सगळा हिशेब चुकतो. नाटकात काम करून खर्च भागणार नाही, कारण ते करायला परवानगीच नाही. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. पण मनोरंजन करणारा कलाकार म्हणून काम करायला मनाई आहे, आणि स्वतःचं बिल देऊन सुटी कामं करायलाही. म्हणजे नाटकातली भूमिका, डबिंग, कार्यक्रमाचं निवेदन, कमाई देणारं यूट्यूब चॅनेल, सगळं बाद. कोर्सचाच एक भाग म्हणून, गुणांसाठी करायचे प्रयोग तेवढे वेगळे. थिएटरच्या बॉक्स ऑफिसवर किंवा दारात तिकिटं तपासायला पगारावर राहता येतं. मात्र ड्रामा स्कूलचं वेळापत्रक सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, आणि प्रयोगाच्या आठवड्यांत रात्रीपर्यंत असतं, त्यामुळे २० तास कागदावरच राहतात. एक वर्षाच्या एम.ए.ला उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, तो प्रबंधाचा काळ. तेव्हाही २० तासांचीच मर्यादा. एकूण, सगळे पैसे हातात धरूनच निघायचं.

आता कोर्स. ‘नाटक शिकणं’ या एका नावाखाली तिकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि आपल्याकडची मुलं नेमकी चुकीच्या दारात उभी राहतात. पहिली, विद्यापीठातला नाट्यविभाग: ब्रिस्टल, एक्सेटर, मँचेस्टर, वॉरिक असे. इथे नाटकाचा इतिहास, सिद्धांत, प्रयोगांचं विश्लेषण, निबंध. प्रात्यक्षिक असतं, पण ते विचार तपासण्यासाठी, तुला नटी म्हणून घडवण्यासाठी नाही. दुसरी, ड्रामा स्कूल: लंडनमध्ये राडा, लॅम्डा, गिल्डहॉल, सेंट्रल, ग्लासगोला रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंड, कार्डिफला रॉयल वेल्श. इथे रोज आवाज, शरीर, संहिता, गाणं. प्रवेश ऑडिशनवर. तिसरी, पडद्यामागचं शिक्षण: स्टेज मॅनेजमेंट, प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा. प्रवेश मुलाखतीवर आणि केलेल्या कामाच्या फाइलवर.

बी.ए. परत करू नकोस. तीन वर्षांची फी जाईल आणि हातात पदवी पुन्हा पहिल्याच पायरीची. एक वर्षाचं एम.ए. बघ. आणि एक प्रामाणिक सल्ला: अभिनयच शिकायचा असेल आणि पुढे मराठीतच करायचा असेल, तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याचं ललित कला केंद्र, कालिन्याची मुंबई विद्यापीठाची नाट्यशाखा, आणि तुला सगळ्यात जवळ पडणारी पणजीची कला अकादमी, यांना आधी मान दे. मराठी नटाचं भांडवल त्याची भाषा असते. विलायतेत ती भाषा बाजूला ठेवून दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून उभं राहायचं असतं, आणि त्याचे चाळीस-पन्नास लाख मोजायचे असतात.

पडद्यामागच्या शिक्षणाचं तसं नाही. ते परत येताना पूर्ण सोबत येतं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. तिकडे प्रयोग चालवते ती डेप्युटी स्टेज मॅनेजर. तिच्यापुढे ‘बुक’ असतं: एका पानावर संहिता, समोरच्या पानावर प्रत्येक प्रकाशाचा, आवाजाचा, पडद्याचा क्यू, म्हणजे बदलाचा इशारा, नेमक्या ज्या शब्दावर तो पडायचा त्या शब्दापासून पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसह. पेन्सिलीनेच, कारण तालमीत क्यू रोज हलतात. हेडसेटवर ती आधी म्हणते ‘स्टँडबाय एलएक्स चौदा’ (एलएक्स म्हणजे प्रकाशाचा क्यू), ऑपरेटर ‘स्टँडबाय’ म्हणून पोच देतो, मग ‘एलएक्स चौदा, गो’. ‘गो’ हा शब्द शेवटी, आणि हेडसेटवर इतर कुठल्याही कारणाने तो उच्चारायचा नाही, कारण ऐकणाऱ्याचं बोट बटणावर असतं. आपल्याकडे अजून बरेचदा ‘तो डाव्या विंगेत वळला की लाइट मार’ यावर प्रयोग चालतो, आणि लाइटवाला बदलला की नाटक बदलतं. बुक असेल तर नवा माणूस त्याच रात्री प्रयोग चालवू शकतो. तिथल्या जुन्या डिमर रॅकवर, म्हणजे दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर, एक ओळखीची वस्तूही भेटेल: जाड गोल पिनांचा १५ अँपिअरचा प्लग. घरात चौकोनी पिनांचे प्लग आले तरी रंगमंचाच्या दिव्यांना हा गोल प्लग राहिला. आपल्या गिझरचा प्लग त्याच कुळातला.

तरीही अभिनयाकडेच ओढा असेल, तर ऑडिशनचं नीट समजून घे. पहिली फेरी बहुधा रेकॉर्ड करून पाठवायची असते: दोन स्वगतं, प्रत्येकी साधारण दोन मिनिटं, एक शेक्सपिअर किंवा त्याच्या काळातलं, एक आधुनिक. काही ठिकाणी एक गाणं, साथीशिवाय. दोन मिनिटं म्हणजे गद्याचे अडीचशेच्या आसपास शब्द, पद्याच्या वीस-पंचवीस ओळी. त्याहून लांब घेतलंस तर पळत म्हणशील. तुझ्या वयाला शोभणारं पात्र घे, पूर्ण नाटक वाच, आणि ‘ऑडिशनसाठी स्वगतं’ म्हणून नेटवर फिरणारे सुटे उतारे टाळ. त्यांना मागचा-पुढचा प्रसंगच नसतो, त्यामुळे ‘ही कोणाशी बोलतेय, तिला त्याच्याकडून काय हवंय’ या पहिल्याच प्रश्नाला तू अडकशील.

पुढच्या फेरीत तुला थांबवून सांगतील, आता हेच स्वगत समोरच्याला हसवण्यासाठी म्हण, किंवा पुटपुटत म्हण. स्पर्धेच्या एकांकिकेत वाढलेली मुलं इथे पडतात. आपल्याला प्रत्येक वाक्य ‘बसवायची’ सवय असते: इथे वळायचं, इथे आवाज चढवायचा, इथे रडायचं आणि ब्लॅकआउट. परीक्षक हे बघतात की सूचना मिळाल्यावर तू बदलतेस का. म्हणून पाठांतर इतकं पक्कं कर की भाकरी थापताना म्हणता येईल, पण हालचाल मात्र बसवू नकोस.

उच्चारांची भीती नको. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, अस्पष्ट चालत नाही. खरी अडचण आघाताची आहे. मराठीत आपण अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एक अक्षर दाबून शेजारचं जवळजवळ गिळतात, आणि शेक्सपिअरची ओळ त्यावरच उभी असते: दहा अक्षरं, हलकं-जड, हलकं-जड अशा पाच जोड्या. मांडीवर टाळी देत फक्त जड अक्षरांवर थाप पडेल असा रोज वीस मिनिटं सराव कर. तीन महिन्यांत फरक कळतो. दुसरं, ‘व’. इंग्रजीत त्याचे दोन आवाज आहेत, एक वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, दुसरा ओठांचा चंबू करून. हे आरशासमोर बसून वेगळे कर.

रेकॉर्डिंग: मोबाइल आडवा, डोळ्यांच्या पातळीवर, स्टँडवर. कंबरेपासून वर दिसशील एवढी चौकट, मागे साधी भिंत. खिडकी तुझ्या समोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. पंखा बंद. समुद्राची गाज आपल्या कानाला सवयीची होते, माईकला होत नाही, म्हणून किनाऱ्याच्या बाजूची खोली टाळ, आणि घुमणाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या मागे दोन-चार गोधड्या टांग. पत्र्याखाली रेकॉर्ड करणार असलीस तर परतीचा पाऊस संपल्यावरच. देवळासमोर हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज लावू नकोस. माईक समोरच आहे.

अर्जातल्या निवेदनात दशावतार येणारच, पण ‘आमच्या कोकणची समृद्ध परंपरा’ असं लिहिलंस तर ते वाक्य कोणीही लिहू शकेल. यंत्रणा लिही. धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या प्रयोगाला, लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्या उभ्या होतात. पायपेटी, मृदंग, झांज नटाचा श्वास ओळखून त्याला उचलतात. एका लाकडी बाकावर बसला की दरबार, त्यावर चढला की डोंगर. पुरुष नट रात्रभर स्त्रीपार्ट निभावतो. तिकडे उत्स्फूर्त अभिनय, समूहाने नाटक रचणं हे स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. तू ते बघत वाढलीस, तर कसं चालतं ते दोन नटांच्या एका प्रसंगावरून दाखव. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघितल्या असतील तर त्याही. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली आहे.

पैसे. फी साधारण २० ते ३० हजार पौंड. त्याशिवाय राहण्याखाण्याची रक्कम खात्यात दाखवावी लागते: नोव्हेंबर २०२५ पासूनचा दर लंडनमध्ये महिना १,५२९ आणि बाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची. म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९. व्हिसाच्या अर्जासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, आणि बारा महिन्यांच्या एम.ए.चा व्हिसा त्याहून लांब मिळत असल्याने तो दीडपट, १,१६४. लंडन आणि २५ हजार फी धरली तर जवळपास ४०,००० पौंड. पौंड १२० रुपयांचा धर, ४८ लाख झाले. विमान, व्हिसाची फी, कपडे वेगळे.

यातली फी आणि राहण्याखाण्याची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. रुपयांचा हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो, म्हणून पाच-सात टक्के जास्त ठेव. खातं तुझं किंवा आईवडिलांचं. काकांचं चालत नाही, आजोबांचंही नाही. काकांना द्यायचेच असतील तर बक्षीसपत्र करून वेळेत वडिलांच्या खात्यात येऊ देत आणि तिथे २८ दिवस मुरू देत.

बागेवरचं कर्ज हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यात आपल्याकडचा सातबारा: पणजोबांपासूनची पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारस नोंद झालेली नाही. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीहक्क नव्हे, हेही बँक सांगेल. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात, आणि त्यांना चालतं ते फ्लॅट, बिनशेती घर किंवा मुदत ठेव. त्यामुळे आधी शाखेत जाऊन ‘काय तारण घ्याल’ हे लेखी विचार, मग बाकी स्वप्नं. कर्जाच्या पत्रावर कर्जदार म्हणून तुझं नाव हवं आणि पत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. शिष्यवृत्त्यांपैकी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. पदवीनंतर दोन वर्षं काम करून अर्ज करणं हा तुझ्यासाठी खरोखर चांगला मार्ग आहे. इनलॅक्स आणि चार्ल्स वॉलेस या शिष्यवृत्त्या कलाक्षेत्रातल्यांना विचारात घेतात. अनुसूचित जातीतली असशील तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ.

कागदपत्रांत कोकणातली मुलं जन्मदाखल्यावर अडतात. जन्म आजोळी, नोंद त्या ग्रामपंचायतीत, दाखल्यावर फक्त ‘मुलगी’, किंवा आईचं माहेरचं नाव. आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर हाच दाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं, मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. नाव घालून घ्यायला वेळ जातो, तेव्हा हे काम आत्ताच सुरू कर. पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग जुळतं का तेही बघ. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएस) डिसेंबरपर्यंत उरकून टाक, ड्रामा स्कूल साधारण साडेसहा-सात बँड मागतात.

एम.ए.चे अर्ज बहुतेक थेट संस्थेकडे, ग्लासगो आणि कार्डिफचे यूकास या तिकडच्या सामायिक प्रवेशयंत्रणेच्या कॉन्झर्व्हेटॉयर विभागातून. ऑक्टोबर २०२६ ते जानेवारी हे दिवस अर्ज आणि ऑडिशनच्या रेकॉर्डिंगचे धर, मार्चपर्यंत पुढच्या फेऱ्या. शेवटच्या सत्राचा निकाल लागल्याशिवाय संस्थेचं सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र, मिळत नाही आणि सीएएसशिवाय व्हिसाचा अर्ज नाही. व्हिसाला साधारण तीन आठवडे. निकाल लांबला तर विद्यापीठातले विभाग आठवडाभर थांबतात, ड्रामा स्कूल थांबत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांचा गट बांधला जातो. निकाल उशिरा लागण्याची भीती असेल तर प्रवेश २०२८वर ढकलता येतो का हे ऑफर मिळाल्याबरोबर विचार.

शिकून झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा आहे. त्यावर अभिनय आणि सुटी कामं दोन्ही करता येतात. पुढे राहायचं तर मोठ्या पगाराची कायम नोकरी लागते, आणि नटाचं काम तसं नसतं. दीड वर्ष धरूनच बेत कर.

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील. एखाद्या दशावतारी मंडळीची परवानगी घेऊन एक पूर्ण आख्यान रेकॉर्ड कर, आणि संवाद कुठे ठरलेला होता, कुठे तिथल्या तिथे सुचला, हे दुसऱ्या दिवशी नटांकडून विचारून वहीत तारखेसह लिहून ठेव. मुलाखतीला नेण्यासाठी त्या वहीपेक्षा चांगलं दुसरं काही तुझ्याजवळ असणार नाही.