पत्र्याचं विमान घरी बांधायचं तर कोणत्या अवजारावर पैसा लावायचा

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. दारव्ह्याजवळ बाबांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे, तिथंच एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचं दोन सीटचं विमान बांधायचं ठरवून राहिला, आणि विचारतो का अमेरिकेहून तयार टूल सेट एकदमच मागवू का वर्कशॉपमधलं आणि नागपूरच्या इतवारीतलं सामान चालून जाईल. पत्र्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, घरगुती विमानाच्या पंखावरही काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेट डोळे झाकून घेऊ नको. आधी विमान कोणतं ते ठरव, कारण अर्धी खरेदी त्याच्यावरच आहे. झेनिथ आणि व्हॅन्स ह्या घरी बांधायच्या विमानांचे किट विकणाऱ्या अमेरिकी कंपन्या. झेनिथचं सीएच ७५० किंवा व्हॅन्सचं आरव्ही-१२ असलं तर बहुतेक काम ओढायच्या रिव्हेटचं, म्हणजे पॉप रिव्हेटच्या जातीचं पण विमानाच्या प्रतीचं, हार्डवेअरच्या दुकानातलं नाही. त्याला चांगला पुलर, म्हणजे रिव्हेट ओढायचं अवजार, लागतो, बकिंग बारचं, म्हणजे रिव्हेटच्या मागं टेकवायच्या जड ठोकळ्याचं, फारसं काम नाही. आरव्ही-७ सारखं घेतलं तर हजारो सॉलिड, म्हणजे भरीव रिव्हेट, एकीकडून टोले देणारी हवेची गन आन् दुसरीकडून बकिंग बार, आणि डिंपल डाय (पत्र्यात डोक्यापुरता खळगा दाबून पाडायची साच्याची जोडी), स्क्वीझर (रिव्हेट दाबून बसवायचं अवजार) सगळंच आलं. पुढचं सॉलिड रिव्हेट धरूनच लिहितो.

माझा हिशोब सरळ आहे. ज्या अवजाराची खूण विमानात कायम राहते, म्हणजे भोक, खड्डा, रिव्हेटचं डोकं, बोल्टचा ताण, तिथं पैसा लाव. जे नुसतं धरतं, उचलतं, टेकवतं, ते गावातलं चालते.

भोकापासून घे. ३/३२ इंची रिव्हेटला नंबर ४० चं ड्रिल लागतं, ते २.४९ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडं मिळणारं २.५ चं चांगल्या कंपनीचं एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं बिट जवळजवळ तेच आहे. पण १/८ इंची रिव्हेटला नंबर ३०, ते ३.२६ आहे, तिथं ३.२ घट्ट होते आणि ३.३ थोडं ढिलं, म्हणून नंबर ३० बाहेरूनच मागव, १३५ अंशाचं स्प्लिट पॉइंट, जे पत्र्यावर घसरत नाही. कोबाल्टचे महाग बिट कशाला, अ‍ॅल्युमिनियमला गरजच नाही. ड्रिल मशीन भिंतीवर मारायचं हॅमरवालं नको, त्याच्या चकमधे खेळ असतो. दुकानातच बिट लावून हळू फिरवून पाहा, टोक जागच्या जागी दिसलं पाहिजे, बारीक गोल काढत असलं तर ठेवून दे.

आता काउंटरसिंक, म्हणजे रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाच्या तोंडाशी कोरायचा उतरता खड्डा, कारण इथं लोक हमखास फसतात. मशीन शॉपमधे त्याचा कटर मिळतो तो ९० अंशाचा. विमानाच्या चपट्या डोक्याच्या रिव्हेटचा, म्हणजे एएन ४२६ चा, कोन १०० अंश आहे. ९० च्या खड्ड्यात १०० चं डोकं टाकलं तर ते फक्त वरच्या कडेवर टेकते, खाली फट राहते, वरून मात्र एकदम सपाट दिसते, बोट फिरवलं तरी समजत नाही, आणि तो जोड पुढं थरथरून ढिला होणारच. म्हणून १०० अंशाचा कटर आणि खोली बांधून देणारा मायक्रोस्टॉप हे दोन्ही अस्सल घे, इथं काटकसर नाही.

०.०३२ इंच, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रा कोरत नाहीत, डिंपल करतात. त्या डायच्या जोडीवर सगळ्यात जास्त विचार कर. डाय हातात आला का त्याच्या कडेवरून नख फिरव, कुठं अडकायला नको. मग पत्र्याच्या तुकड्यावर एक डिंपल कर आणि तुकडा ट्यूबलाइटखाली तिरपा धर. लाइटची रेघ डिंपलच्या काठापर्यंत सरळ आली आणि काठावरच तुटली तर डाय चांगला. काठाच्या आधीच रेघ वाकायला लागली तर भोवतालचा पत्रा दबला, आणि अख्ख्या पंखावर प्रत्येक रिव्हेटपाशी तसाच लहानसा खळगा दिसत राहीन. स्वस्त डायमधे हेच होते.

स्क्वीझर हाताचा घे आणि आधी घे. आपल्याकडं खेड्यात लाइटचा भरवसा नाही, तीन फेजचा पाळीचा टाइम कधी रात्रीचा येतो, पण हातच्या स्क्वीझरला लाइटच लागत नाही आणि कडेचे बहुतेक रिव्हेट त्यानंच बसतात, तेही एकसारखे. दाबलेलं डोकं व्हर्निअरनं मोज, १/८ च्या रिव्हेटला रुंदी ४.८ मिलिमीटरच्या आसपास आणि उंची १.६, म्हणजे व्यासाच्या दीडपट आणि अर्धी. कॉम्प्रेसर दोन एचपीचा मोठ्या टाकीचा असला तरी रिव्हेट गनला पुरतो, गन थोडीथोडीच हवा खाते, हवा खातात ते एअर ड्रिल आणि सँडर, ते घेऊच नको, ड्रिल विजेचंच ठेव. पावसाळ्यात टाकीचं पाणी रोज काढ आणि लाइनवर वॉटर सेपरेटर लाव, नाहीतर गनच्या आतून गंज धरते.

गन ३एक्स मापाची घे, विमानाच्या कामाचीच. बाजारातला छिन्नीवाला एअर हॅमर दिसायला तसाच असतो, रिव्हेट सेटचा, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यावर टेकणाऱ्या तुकड्याचा दांडाही त्यात बसून जातो, पण त्याचा ट्रिगर एक तर बंद नाहीतर पूर्ण चालू, हळूवार दोन टोले द्यायची सोयच नाही, पत्रा चेचल्या जाते. बकिंग बार मात्र तुझ्या वर्कशॉपमधेच कर, लोखंडाचा ठोकळा, तोंड आरशासारखं पॉलिश आणि कोपरे गोल, म्हणजे आतल्या रिबला, पंखाला आकार देणाऱ्या पट्टीला, खरचटणार नाही. टंगस्टनचा लहान आणि जड असतो, अडचणीच्या जागी लई कामाचा आहे, पण तो नंतर घेतला तरी चालते.

एक गोष्ट ट्रॉलीच्या वर्कशॉपमुळं मुद्दाम सांगतो. लोखंडावर वापरलेली कानस किंवा वायर ब्रश अ‍ॅल्युमिनियमला लावू नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पत्रा सडायला लागतो. कानशी वेगळ्या, त्यांच्या मुठीला रंग मार, आणि ग्राइंडरची ठिणगी विमानाच्या बाजूला येणार नाही असा पडदा लाव. अ‍ॅल्युमिनियम दगडी ग्राइंडरवर तर अजिबात धरू नको, दगड भरून जाते, तापते आणि फुटू शकते, कडा साफ करायला स्कॉचब्राइटचं चाक असते ते घे. पत्र्यावर खूण मार्करनं कर, पेन्सिलीनं नाही, शिशातल्या ग्रॅफाइटनंही गंज लागतो.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच नट आवळायचा पाना, ट्रॅक्टरची चालणार नाही. विमानात खूप ठिकाणी एएन३ मापाचा लहान बोल्ट येतो, त्याच्या नटाला २० ते २५ इंच-पाउंडच लागतात, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन मीटर. ट्रॅक्टरची रेंच सुरूच त्याच्या कितीतरी वर होते, तिचा क्लिक यायच्या आत बोल्टचे आटे जातील. लहान रेंजची घे, आणि लॉकनट हातानं फिरवताना जो अडता ताण येतो तो आधी मोजून त्यात मिळव.

क्लेको, म्हणजे रिव्हेट मारेपर्यंत भोकातून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, मात्र वापरलेले मिळाले तर खुशाल घे, चंदेरी ३/३२ चे आणि तांब्याच्या रंगाचे १/८ चे, शेकड्यांनी लागतात. पत्रा कात्री, क्लॅम्प, टेबल, घोडे सगळं इथलंच.

शेपटीपासून सुरुवात कर आणि अवजारं काम येईल तशी घे. त्याच्या आधी नागपूरला वायुसेनानगरच्या बाजूला चक्कर मार, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथं असल्यानं एअरफोर्समधून रिटायर झालेले पत्र्याचे कारागीर शहरात सापडतात, त्यांच्यापैकी कोणी बकिंग बार कसा धरायचा ते हाताला हात लावून शिकवलं तर कोणताही व्हिडिओ त्याची बरोबरी करणार नाही. परवानगीचं डीजीसीएशी, म्हणजे सरकारच्या नागरी विमान खात्याशी, आधीच बोलून घे, पत्रा कापल्यावर नाही. आणि जागा लहान आहे म्हणून मागं सरू नको, कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं, तुझ्याकडं तर अख्खं शेड आहे.

विमान ठरलं का प्लॅनमधली रिव्हेटची यादी इथं टाक, कोणते डाय आणि कोणते सेट लागतील ते मी काढून देतो.