नाताळ २५ डिसेंबरलाच का?

प्रश्न : येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिली आहे का? नसल्यास २५ डिसेंबर कोठून आला, आणि काही देशांत नाताळ ७ जानेवारीला का असतो?

उत्तर : मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत जन्मकथा आहे, परंतु तीत ना दिवस सांगितला आहे, ना महिना. २५ डिसेंबरचा जुना उल्लेख इ. स. ३५४ मध्ये रोम येथे सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो आणि त्यातील नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते. हीच तारीख का, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत : ‘अजिंक्य सूर्या’चा रोमन उत्सव त्याच दिवशी येत असे म्हणून, किंवा २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून पुढे नऊ महिने मोजले म्हणून. पहिले मत अधिक लोकप्रिय असले, तरी ते छातीठोकपणे मांडण्याइतका पुरावा नाही.

७ जानेवारीचे कोडे सोपे आहे. रशिया, सर्बिया येथील ऑर्थोडॉक्स चर्च जुने ज्युलियन कॅलेंडर पाळते. ते सध्या १३ दिवस मागे असल्याने त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला उजाडतो.

नाताळात मांडल्या जाणाऱ्या, येशूचा जन्म दाखवणाऱ्या गव्हाणीच्या देखाव्याची प्रथा रूढ होण्याचे श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिस यांना दिले जाते. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली, शेजारी खराखुरा बैल व गाढव उभे केले आणि तेथेच मध्यरात्रीची उपासना झाली.